‘त्याला रडू आलं’, पण कोणाला? कथेतल्या वाक्यांवर अभिप्राय कसा द्यायचा आणि कसा घ्यायचा?

खालचं वाक्य एकदाच वाचा.

‘दारात उभ्या असलेल्या भावाला बघून सुधाकर थांबला, त्याने खिशातलं पाकीट काढून त्याच्या हातात ठेवलं आणि त्याला रडू आलं.’

रडलं कोण? सुधाकर की त्याचा भाऊ?

समजा, हे वाक्य एखाद्या नव्या लेखकाच्या कथेतलं आहे. लेखकाला उत्तर पक्कं माहीत आहे. तो कथा चार मित्रमैत्रिणींना पाठवतो. एक जण लिहितो, ‘मस्त!’ दुसरी म्हणते, ‘भाषेवर अजून काम कर.’ तिसरा अख्खं वाक्य स्वतःच्या पद्धतीने नव्याने लिहून पाठवतो. चौथ्याकडून दोन निळ्या टिका येतात, उत्तर येत नाही.

चौघांनीही कथा वाचली, पण ‘त्याला’ या शब्दापाशी वाचकाची गाडी चुकीच्या रुळावर जाते, हे लेखकाला एकाकडूनही कळलं नाही.

दिवाळी अंकाकडे किंवा मासिकाकडे पाठवलेली कथा परत आली, तर ती का परत आली हे कळेलच असं नाही. त्यामुळे बहुतेक नव्या लेखकांसाठी हे चार मित्रच संपादक असतात. ते काय बोलतात आणि लेखक ते कसं ऐकतो, यावर पुढचा खर्डा ठरतो. कधीकधी तर पुढची कथा लिहिली जाणार की नाही, हेही.

लेखकाला स्वतःला का दिसत नाही?

१९९० मध्ये अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात एलिझाबेथ न्यूटन या विद्यार्थिनीने पीएचडीसाठी एक साधा प्रयोग केला. एकाने ओळखीच्या गाण्याची चाल टेबलावर बोटांनी वाजवायची आणि दुसऱ्याने ते गाणं ओळखायचं. वाजवणाऱ्यांना वाटलं होतं की ऐकणारे साधारण निम्मी गाणी ओळखतील. प्रत्यक्षात १२० पैकी ३ गाणी ओळखली गेली.

कारण सोपं आहे. वाजवणाऱ्याच्या डोक्यात शब्द आणि सूर यांच्यासह अख्खं गाणं चालू असतं. ऐकणाऱ्याला फक्त टकटक ऐकू येते. आपल्याला जे माहीत आहे ते समोरच्याला माहीत नाही, याची कल्पनाच करता न येण्याला अभ्यासक ‘ज्ञानाचा शाप’ म्हणतात. कॅमेरर, लोवेनस्टाइन आणि वेबर या तिघांनी १९८९ मध्ये अर्थशास्त्रातल्या एका शोधनिबंधात ही संकल्पना मांडली. पुढे लेखनाबद्दल बोलणाऱ्यांनी ती उचलली, कारण लेखकाचा आजार नेमका हाच असतो.

सुधाकर लेखकाच्या डोक्यात महिनाभर राहिलेला आहे. त्याचा भाऊ कसा उभा राहतो, त्याचा शर्ट कुठे उसवलाय, हे लेखकाला दिसतं. वाचकाच्या हातात मात्र फक्त ‘त्याने’, ‘त्याच्या’, ‘त्याला’ एवढीच टकटक असते.

आणि ही टकटक पहिल्यांदा ऐकण्याची संधी प्रत्येक वाचकाला एकदाच मिळते. दुसऱ्या वाचनात त्यालाही कोण रडलं ते माहीत असतं. म्हणून पहिलं वाचन करणारा माणूस लेखकासाठी फार मोलाचा असतो, आणि ‘मस्त’ एवढ्यावर ते वाचन वाया जातं.

मराठीत वाक्य नेमकं कुठे अडकतं?

स्पष्ट लिहिण्याबद्दलचे बरेचसे सल्ले इंग्रजीतून येतात. कर्मणी प्रयोग टाळा, क्रियाविशेषणं कमी करा, वगैरे. मराठी वाक्याचे खड्डे वेगळ्या जागी आहेत. अभिप्राय देणाऱ्याला ते ओळखीचे असले, तर ‘काहीतरी खटकतंय’च्या पुढे जाता येतं.

सर्वात मोठा खड्डा सर्वनामांचा. त्यातही आपल्याकडे आदरार्थी बहुवचनाने आणखी गोंधळ होतो. ‘आजोबा आणि काका अंगणात बसले होते. त्यांनी चहा मागितला.’ चहा दोघांनी मागितला की एकट्या आजोबांनी? ‘त्यांनी’मधून ना संख्या कळते, ना लिंग. घरात आजीही असेल आणि निवेदक तिच्याबद्दल आदराने बोलत असेल, तर तीही या ‘त्यांनी’त बसते. कुटुंबकथेत, जिथे एका खोलीत चार वडीलधारी माणसं असतात, तिथे हा प्रकार पानोपानी होतो.

यावर उपाय म्हणजे नाव पुन्हा घेणं. पण शाळेतल्या निबंधाने ‘तोच शब्द परत नको’ हे इतकं डोक्यात भरवलेलं असतं, की लेखक ‘सुधाकर’ पुन्हा लिहायला कचरतो. मग सुधाकरचा ‘तो तरुण’ होतो, पुढच्या ओळीत ‘तो कारकून’ होतो. वाचकाला वाटतं, खोलीत अजून दोन माणसं आली.

दुसरी जागा ‘-ऊन’ लावलेल्या क्रियापदांची. ‘दोन दिवसांचा प्रवास करून, रिक्षावाल्याशी भांडून घरी पोचल्यावर आईने दार उघडलं.’ प्रवास कोणी केला? वाक्यात नाव फक्त आईचं आहे. त्यामुळे वाचक क्षणभर आईलाच रिक्षात बसवतो, मग सावरतो. मराठीत कर्ता गाळता येतो ही मोठी सोय आहे, पण वाक्याच्या मध्यावर माणूस बदलत असेल तर ती अंगाशी येते.

तिसरी जागा सहज लक्षात येत नाही. ‘म्हाताऱ्या शिक्षकाच्या बायकोने दार लावून घेतलं.’ म्हातारं कोण, शिक्षक की बायको? ‘म्हातारा’ आणि ‘म्हातारी’ या दोन्हींचं सामान्यरूप ‘म्हाताऱ्या’ असंच होतं, त्यामुळे विशेषण कोणाचं हे लिंगावरून कळायची वाटच बंद होते. ‘शिक्षकाच्या म्हाताऱ्या बायकोने’ असं लिहिलं की प्रश्न मिटतो.

‘गावाबाहेरच्या देवळामागच्या विहिरीच्या कठड्याच्या तुटलेल्या बाजूच्या दगडावर ती बसली होती’ या वाक्याबद्दल फार सांगायला नको. ती बसेपर्यंत वाचकच दमतो.

आणि मग क्रियापद. मराठीत ते शेवटी येतं आणि ‘नाही’ तर त्याच्याही नंतर. ‘आपल्या बायकोने इतकी वर्षं जपून ठेवलेली ती पेटी उघडून आतली सगळी पत्रं एकेक करून वाचावीत आणि मग जाळून टाकावीत, असं त्याला कधी वाटलं नाही.’ शेवटच्या शब्दापर्यंत वाचकाने मनातल्या मनात पत्रं वाचून, जाळूनही टाकलेली असतात. ‘नाही’ येतं आणि सगळं परत पेटीत जातं.

पण हे वाक्य चुकलं आहे का? कदाचित लेखकाला हाच झटका हवा असेल. नवऱ्याच्या मनात कधीच न आलेली गोष्ट वाचकाच्या मनात घडवून आणायची असेल. म्हणूनच अभिप्राय देणाऱ्याने निकाल द्यायची घाई करू नये.

मग बोलायचं काय?

पीटर एल्बो या अमेरिकी प्राध्यापकांचं ‘रायटिंग विदाउट टीचर्स’ हे पुस्तक १९७३ मध्ये आलं. शिक्षकाशिवाय, चार जणांनी एकत्र बसून एकमेकांचं लेखन कसं वाचावं, याबद्दल ते आहे. त्यातली मध्यवर्ती सूचना अशी, की वाचकाने परीक्षक होऊ नये. वाचताना आपल्या मनात ओळीगणिक काय काय घडत गेलं, ते एखाद्या चित्रपटाची गोष्ट सांगावी तसं लेखकाला सांगावं.

सुधाकरच्या वाक्यावर हे करून बघता येतं.

‘वाक्य क्लिष्ट आहे’ हा अभिप्राय झाला, पण त्यातून लेखकाच्या हाती काही लागत नाही. क्लिष्ट म्हणजे लांब? शब्द जड? की अर्थच लागला नाही? आता हे बघा: ‘पाकीट हातात ठेवेपर्यंत मला सगळं दिसत होतं. रडू आलं तिथे मला वाटलं भाऊ रडला, कारण पाकीट त्याला मिळालं होतं. पुढच्या ओळीत सुधाकर डोळे पुसतो, तेव्हा मी मागे जाऊन पुन्हा वाचलं.’

यात कौतुक नाही, टीका नाही, दुरुस्तीही नाही. तरी लेखकाला तीन गोष्टी कळल्या: वाचक कुठे चुकला, का चुकला आणि चूक त्याच्या कधी लक्षात आली.

हे करायला साहित्याची पदवी लागत नाही. पहिल्या वाचनात पेन्सिल घेऊन, जिथे मागे जावं लागलं तिथे समासात एक रेघ मारायची, एवढंच. का अडलो याचा विचार नंतर करता येतो. मोठ्याने वाचलं तर आणखी सोपं. जीभ ज्या जागी अडखळते ती जागा बहुतेक वेळा डोळ्यांनीही पार केलेली नसते, नुसती ओलांडलेली असते.

प्रत्येक वाक्यावर खूण करण्याचा मोह मात्र आवरावा लागतो. दहा पानांवर ८० खुणा आल्या, तर लेखक एकही नीट बघत नाही. एकाच प्रकारची अडचण पुन्हापुन्हा येत असेल तर दोन जागा दाखवून ‘असं आणखीही काही ठिकाणी झालं’ म्हटलं तरी पुरतं.

आपल्याकडे एक अडचण नात्यांची असते. वाचणारी पंचविशीतली आणि लिहिणारे निवृत्त झालेले सर असतील, तर ‘सर, हे कळलं नाही’ म्हणणं जड जातं. इथेही आपलं वाचन सांगणं कामाला येतं. ‘सर, या परिच्छेदात “त्यांनी” म्हणजे मी काका धरले. बरोबर धरले ना?’ हा प्रश्न उद्धट वाटत नाही, आणि सरांना हवी ती माहिती पोचते.

गोंधळ आणि गूढ यात फरक काय?

‘मला कळलं नाही’ या तक्रारीत दोन वेगळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात.

रहस्यकथेत खून कोणी केला हे शेवटपर्यंत कळत नाही, आणि वाचक खूश असतो. पण सुरी कोणाच्या हातात आहे हे लेखकाला दाखवायचं असूनही वाचकाला दिसत नसेल, तर तो चिडतो. गूढात वाचकाला ठाऊक असतं की आपल्याला काहीतरी ठाऊक नाही. गोंधळात त्याला वाटतं की आपण काहीतरी वाचायचं राहिलो, आणि तो मागे जातो.

त्यामुळे ‘कळलं नाही’ म्हणण्याआधी वाचकाने स्वतःला विचारायला हवं: मला पुढे जावंसं वाटलं की मागे? पुढे जावंसं वाटत असेल, तर बहुधा लेखकाने ते मुद्दाम झाकून ठेवलं आहे.

वाक्य स्वतःच दुरुस्त करून दिलं तर?

चार मित्रांपैकी तिसऱ्याने हेच केलं होतं. त्याचा हेतू चांगला असतो. पण याच रस्त्याने पुढे गेलं की काय होतं, याचं एक गाजलेलं उदाहरण अमेरिकेत आहे.

रेमंड कार्व्हर यांचा ‘व्हॉट वी टॉक अबाउट व्हेन वी टॉक अबाउट लव्ह’ हा कथासंग्रह १९८१ मध्ये आला आणि तुटक, कोरड्या, मोजक्या वाक्यांचा मोठा कथाकार म्हणून त्यांचं नाव झालं. त्या वाक्यांत त्यांचे संपादक गॉर्डन लिश यांचा हात किती होता, हे पुढे उघड झालं. लिश यांनी संग्रहाच्या मूळ मजकुरापैकी निम्म्याहून जास्त भाग कापला होता, कथांची नावं आणि शेवट बदलले होते. ८ जुलै १९८० रोजी कार्व्हर यांनी लिश यांना पत्र लिहून हे पुस्तक थांबवा, अशी विनवणी केली होती. पुस्तक थांबलं नाही.

त्यातली एक कथा वाढदिवसाच्या दिवशी गाडीची धडक बसलेल्या मुलाची आहे. लिश यांनी ती कापून ‘द बाथ’ या नावाने छोटी केली. कार्व्हर यांनी पुढे तिचं लांब रूप ‘अ स्मॉल, गुड थिंग’ या नावाने छापलं आणि त्याला १९८३ मध्ये ओ. हेन्री पुरस्कारांमधला पहिला क्रमांक मिळाला. कार्व्हर १९८८ मध्ये गेले. संग्रहाचा मूळ खर्डा ‘बिगिनर्स’ या नावाने बाहेर यायला २००९ उजाडलं.

लिश यांनी वाक्यं बिघडवली, असं मात्र म्हणता येत नाही. आजही अनेक वाचकांना त्यांचीच आवृत्ती जास्त आवडते. वाक्यं स्वच्छ होती, फक्त ती कार्व्हर यांची राहिली नव्हती.

खर्डा एआय टूलमध्ये टाकून ‘हे स्पष्ट करून दे’ असं सांगितलं की काहीसं असंच होतं. गुळगुळीत वाक्य समोर येतं, पण मूळ वाक्यात वाचक कुठे अडला असता, हे लेखकाला कळत नाही. त्यापेक्षा ‘या प्रसंगात कोण रडलं?’ असं विचारून बघणं जास्त कामाचं.

अभिप्राय घेणाऱ्याने गप्प बसावं का?

१९३६ मध्ये सुरू झालेल्या ‘आयोवा रायटर्स वर्कशॉप’मुळे एक पद्धत जगभर पसरली: कथेवर चर्चा चालू असताना लेखकाने बोलायचं नाही. त्यामागे विचार असा, की पुस्तक छापल्यावर लेखक प्रत्येक वाचकाच्या शेजारी बसून ‘तिथे सुधाकर रडतो’ असं सांगू शकणार नाही. मग आताच कशाला सांगायचं?

वाक्याच्या स्पष्टतेपुरता हा नियम उपयोगी आहे. लेखकाने ‘अहो, पण तिसऱ्या पानावर दिलंय ना!’ असं म्हटलं की वाचक ओशाळतो आणि पुढच्या अडचणी सांगतच नाही.

पण या गप्प बसण्यावर आक्षेपही आहेत. मॅथ्यू सालेसेस यांनी २०२१ च्या ‘क्राफ्ट इन द रिअल वर्ल्ड’ या पुस्तकात दाखवलं, की वर्गातल्या बहुसंख्यांपेक्षा वेगळ्या समाजातून आलेला लेखक यात अडचणीत येतो. इतरांना अनोळखी असलेलं सगळंच ‘अस्पष्ट’ ठरतं आणि त्याला उत्तरही देता येत नाही. नृत्यदिग्दर्शक लिझ लर्मन यांनी १९९० मध्ये तयार केलेल्या पद्धतीत म्हणूनच मतं शेवटी येतात. त्याआधी कलाकार स्वतः प्रश्न विचारतो.

तेव्हा लेखकाने समर्थन टाळावं, प्रश्न जरूर विचारावेत. ‘कळलं ना?’ हा प्रश्न मात्र उपयोगाचा नाही. त्याला आपल्याकडे सगळे भिडेखातर ‘हो’च म्हणतात. ‘पाकीट दिल्यावर काय झालं, ते तुझ्या शब्दांत सांग’ म्हटलं की खरं काय ते बाहेर येतं.

ऐकल्यावर लगेच खर्डा उघडून बदल करू नयेत, हेही महत्त्वाचं. एकच वाचक अडला तर ती त्याची घाई असू शकते. तिघे एकाच ओळीपाशी अडले, तर तिथे काहीतरी आहेच. मात्र तिघांनी सुचवलेले तीन उपाय तीन दिशांना जाणारे असतात, आणि दोष बऱ्याचदा त्या ओळीत नसून दोन ओळी आधी असतो. सुधाकरच्या भावाला नावच दिलेलं नसणं, हा त्या प्रसंगातला खरा घोटाळा असू शकतो.

स्पष्ट, पण कोणाला?

मराठीत या प्रश्नाला इतिहास आहे. मौज प्रकाशनाच्या ‘सत्यकथा’ मासिकाचे संपादक श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन लेखकांना सविस्तर पत्रं लिहून सूचना करत. कथेवर अशी मेहनत घेणारे संपादक मिळाले, याबद्दल अनेक लेखकांनी कृतज्ञतेने लिहिलं आहे. त्याच ‘सत्यकथा’च्या अंकाची १९६९ मध्ये राजा ढाले यांच्यासारख्या लघुनियतकालिकांतल्या तरुण लेखकांनी होळीही केली. चांगलं लेखन म्हणजे काय हे एका विशिष्ट वर्तुळाने ठरवावं, याला त्यांचा विरोध होता. ‘सत्यकथा’ १९८२ मध्ये बंद पडलं. तो वाद आजही एखाद्या समासातल्या रेघेत डोकावतो.

एखाद्या कथेत सिंधुदुर्गातली म्हातारी म्हणते, ‘माझो झील मुंबैक गेलो.’ पुण्यातला वाचक दोनदा अडतो. ‘झील’ म्हणजे मुलगा, हे त्याला माहीत नाही. आणि ‘गेलो’ वाचून त्याला वाटतं की म्हातारी स्वतःबद्दल बोलते आहे, कारण प्रमाण मराठीत ‘गेलो’ हे ‘मी’चं रूप आहे. मालवणीत मात्र ‘तो गेलो’ हेच बरोबर.

वाचकाने हे दोन्ही सांगावं, कारण ते खरंच घडलं. पण ‘शब्द मला अनोळखी होता’ आणि ‘वाक्याचा अर्थ दोन्हीकडे जातो’ हे त्याने वेगळं करून सांगावं. पहिल्या बाबतीत लेखकाला काहीच बदलायची गरज नसते. पुढच्या ओळीत मुलाचं नाव आलं, तो कुठल्या गाडीने गेला हे आलं, की ‘झील’ आपोआप उलगडतो. ‘गेलो’चा ‘गेला’ करणं म्हणजे म्हातारीच बदलणं.

अशी कथा एका मालवणी बोलणाऱ्या आणि एका न बोलणाऱ्या वाचकाला द्यावी. दोघेही एकाच वाक्यावर अडले, तर वाक्य बघायचं. फक्त दुसराच अडला, तर किती अडला ते बघायचं: अर्थ हुकला, की नुसता वेग कमी झाला?

आणि दुरुस्तीनंतरचा खर्डा नव्या माणसाकडे गेला पाहिजे. आधीच्या चौघांना आता माहीत आहे की सुधाकर रडला. म्हणूनच काही लेखक सगळ्या वाचकांना एकदम कथा पाठवत नाहीत. एक-दोघांना मागे ठेवतात, आणि शेवटचा खर्डा होईपर्यंत त्यांच्यासमोर कथेचा विषयही काढत नाहीत.